जनूकाकांचा ‘वास गेलो’

जनूकाका पिंपात तोंड घालायचे तेव्हा यार्डातला पाण्याचा पंप बंद ठेवावा लागे. आवाज असला की वास नीट येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नाकाचा आणि कानाचा संबंध काय, हे विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती, कारण ओमानातल्या बरक्याच्या त्या यार्डात कामाला येईल असं नाक एकच होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पंप बंद व्हायचा. काका झाकण उचलायचे, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे. मग एक तर काही न बोलता पुढच्या पिंपाकडे जायचे, म्हणजे हे पिंप परत धुवायला, नाहीतर म्हणायचे, “वास गेलो.” एवढं म्हटलं की ते पिंप माझ्या पिकअपमध्ये चढायचं.

पूर्ण नाव जनार्दन घाडी, गाव देवगड तालुक्यात, वय अठ्ठावन्न. ओमानात आले त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण बोलणं अजून मालवणीच. अरबी शब्द लागतील तेवढे घेतले, हिंदी जमेल तेवढी, आणि उरलेली सगळी वाक्यं गावची. आमच्यातल्या प्रशांतला, जो जालन्याचा, पहिला महिनाभर वाटत होतं की काका अरबीच बोलतात.

यार्डाचं काम सांगायला सोपं आहे. वापरलेली पिंपं आणायची, धुवायची, आतला वास काढायचा आणि पुन्हा द्यायची. ऑलिव्हची, लोणच्याची, सरबताच्या पाकाची. शेतावरचे लोक पाण्याला नेतात, मासळीवाले बर्फाला. रंगाचं किंवा औषधाचं पिंप आलं तर काका त्याला दारातूनच परत पाठवायचे, झाकणसुद्धा न उघडता. यार्ड सिराजभाई चालवतात, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, वयाने काकांपेक्षा थोडे लहान. अर्बाब म्हणजे जागेचे ओमानी मालक महिन्यातून एकदा येतात, खजुराचा डबा ठेवतात, सगळ्यांच्या घरची चौकशी करतात आणि जातात.

काकांना हे नाक आहे याचा शोध आधी देवगडला, आंब्याचा रस डब्यात भरण्याच्या कारखान्यात लागला होता. तिथे ते तरुणपणी डबे वाहायचे. शंभर डब्यांतला फसफसणारा एक डबा ते चालता चालता बाजूला काढायचे. इथे आल्यावर पहिली वर्षं बरक्याच्या मासळीबाजारात क्रेट धुण्यात गेली. कोणत्या क्रेटमध्ये कालची सुरमई होती आणि कोणत्यात परवाची, हे ते सांगायचे, आणि विकणाऱ्याला ते आवडायचं नाही. तिथल्या कुरबुरीतूनच सिराजभाईंनी त्यांना उचललं. तेव्हा सिराजभाईंकडे यार्ड नव्हतं, फक्त यार्डाचा विचार होता. काकांना पाहून तो पक्का झाला, असं ते अजून सांगतात.

या नाकाच्या गोष्टी आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवायचो. खुदेजाभाभींनी, म्हणजे सिराजभाईंच्या बायकोने, ईदला पाठवलेल्या बिर्याणीचं झाकण उघडण्याआधी काका म्हणाले होते की आज वेलची राहिली. भाभींनी फोनवर कबूल केलं, पण पुढचे तीन महिने बिर्याणी आली नाही. एकदा भर दुपारी जेवताना ताटावरून उठून ते शेजारच्या खोलीत गेले आणि गॅसची नळी बंद करून आले. कोणाला काही कळलं नव्हतं. आम्ही त्यांना विमानतळावरच्या हुंगणाऱ्या कुत्र्यावरून चिडवायचो, तेव्हा ते म्हणायचे की त्या कुत्र्याला एअर कंडिशनर असतो, मला द्या, मीपण शेपटी हलवतो.

पण आपल्या कामाबद्दल ते चेष्टा करायचे नाहीत. त्यांची एक पद्धत होती. धुतलेलं पिंप उघडं ठेवून हुंगलं तर ते स्वच्छच वाटतं, कारण वारा वास घेऊन जातो. म्हणून काका वाळलेलं पिंप झाकण लावून रात्रभर कोंडून ठेवायचे आणि सकाळी चहाच्याही आधी, तोंडात पाण्याखेरीज काही न जाता, ते उघडायचे. पहिले दोन श्वास खरे, तिसऱ्यापासून नाक खोटं बोलायला लागतं, असं ते म्हणायचे. एका पिंपाला दोन श्वास, त्यापेक्षा जास्त नाही.

हे नाक या वर्षी थंडीत गेलं.

आम्हाला ते चार महिन्यांनी कळलं. डिसेंबरात काकांना आठवडाभर ताप होता. तसा तो सगळ्यांनाच येऊन गेला. ताप उतरला, खोकला थांबला, आणि एका सकाळी खोलीत बांगडा तळत असताना त्यांना फक्त तेलाचा आवाज आला. दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं की काहींचा परत येतो, काहींचा येत नाही, वाट बघा. काकांनी वाट बघितली आणि कोणाला सांगितलं नाही. फक्त गावी बायकोला, प्रेमाकाकूंना सांगितलं. काकू आधी म्हणाल्या की बरं झालं, आता करपलेलंसुद्धा मुकाट्याने खाल. मग म्हणाल्या की सिराजभाईंना सांगून टाका.

सांगणं सोपं नव्हतं. पाठीमुळे काकांना जड उचलता येत नव्हतं. पिंपं उचलायला प्रशांत आला होता, गाडीला मी होतो. काकांचं काम म्हणजे धुणं कमी आणि सकाळचे ते दोन श्वास जास्त. नाक नाही म्हटलं की त्यांना यार्डात ठेवायचं कारण उरत नव्हतं, आणि कारण नसलेल्या माणसाचा व्हिसा कॅन्सल होतो. आणि गावी जाऊन करायचं काय, हाही प्रश्न होता. वीस वर्षं वर्षातून एक महिना पाहुणा म्हणून गेलेला माणूस. घरात भांडी कुठे असतात तेसुद्धा काकूंना विचारावं लागे. त्यांना इथे कोणीतरी मानत होतं. ते सोडून, जिथे अजून कोणाला त्यांची सवय नाही अशा आपल्याच घरी जायचं होतं.

म्हणून त्यांनी चार महिने हाताने वेळ मारून नेली. प्रत्येक पिंप दोनदा धुतलं. रबराच्या कड्या बोटांनी चोळून चिकटपणा पाहिला. सकाळी झाकण उघडून डोळे मिटले, दोन श्वास घेतले, आणि मग सहज विचारल्यासारखं मला म्हणाले, “केयूर, तू बग जरा. तुका काय वाटता?”

मला वाटलं, माझी बढती झाली. एवढा मोठा जाणकार मला विचारतोय म्हणजे माझ्या नाकातही काहीतरी असणार. मी ऐटीत वाकून हुंगायचो आणि मत द्यायचो. गाडीत सीटखाली मोगऱ्याच्या वासाची बाटली ठेवणाऱ्या, दिवसातून चार सिगारेटी ओढणाऱ्या माणसाचं ते मत. काका मान हलवायचे आणि पिंप जायचं. नशिबाने काही बिघडलं नाही.

मग पूर्वाताईंची सहा पिंपं आली.

पूर्वाताई पुण्याच्या, मस्कतला मदिनत सुलतान काबूस या भागात राहतात. शाळेच्या मेळ्यात त्यांचा स्टॉल असतो. यंदा त्यांनी घरी जिंजर बीअर करायचं ठरवलं होतं. आलं, साखर, लिंबू, थोडं यीस्ट, दोन दिवस ठेवून फसफसवायचं आणि थंड करून नळाने ग्लासात सोडायचं. त्यासाठी त्यांनी बंद पडलेल्या एका हॉटेलातली सहा स्टीलची पिंपं मिळवली होती. उंच, बारीक, घागरीला कोणी दोन्ही बाजूंनी ओढावं तशी, वर अंड्याच्या आकाराचं झाकण आणि बाजूला दोन तोट्या. बीअर हा शब्द ऐकून सिराजभाईंनी हात वर केले होते. आमच्याकडे ते काम होत नाही, बाई. पूर्वाताईंनी त्यांना पाच मिनिटं समजावलं की यात दारू नाही, मुलं पिणार आहेत. शेवटी ते तयार झाले, पण चलनावर त्यांनी स्वतःच्या हाताने ‘आल्याचं सरबत’ असं लिहिलं.

पिंपांत आधी रूट बीअरचा पाक असायचा. ते एक परदेशी थंड पेय आहे, त्यातही दारू नसते, पण वास असा की आपल्या माणसाला वाटावं, कोणीतरी दुखऱ्या कंबरेला बाम चोळून नुकतंच उठून गेलं. प्रशांतने पहिलं झाकण उघडलं आणि म्हणाला, “काका, यात कोणाची आजी राहायची का?”

हा वास जायला कठीण. काकांनी सगळं रीतसर केलं. आतला दाब सोडला, तोट्या काढल्या, आतल्या नळ्या बाहेर घेतल्या. प्रत्येक पिंपाच्या पाच रबरी कड्या, एक झाकणाची मोठी आणि चार लहान, काढून वेगळ्या ठेवल्या. “स्टील वास धरणा नाय,” ते प्रशांतला सांगत होते, “रबर धरता.” पिंपं धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने काठोकाठ भरली, अर्धा दिवस सरळ, अर्धा दिवस उलटी. मग साधं पाणी, मग व्हिनेगरचं पाणी, मग परत साधं. मग ऊन, आणि आमच्याकडे ऊन मोजून मिळत नाही. खरं तर कड्या नव्याच घालायला हव्या होत्या. पण त्या मापाच्या मस्कतला दुकानात नव्हत्या, मागवायला लागणार होत्या, आणि पूर्वाताईंना घाई होती. म्हणून काकांनी जुन्याच कड्या तीनदा उकळल्या. नाक असतं तर तीनदा पुरलं की नाही ते कळलं असतं.

झाकणं लावून पिंपं कोंडली. रविवारी सकाळी काकांनी एकेक उघडून डोळे मिटले. आणि बहुतेक तेव्हाच त्यांनी ठरवलं की आता पुरे झालं. सिराजभाई त्या दिवशी सहम गावाला पिंपं आणायला गेले होते. काकांनी त्यांना फोन लावला. मी दोन पावलांवर दोर गुंडाळत होतो, त्यामुळे ऐकलं.

“सिराजभाय, एक सांगूचा होता,” काका म्हणाले. मग म्हणाले, “वास गेलो.”

पलीकडून सिराजभाईंचा आवाज मलाही ऐकू आला. ते म्हणाले की मग थांबलाय कशाला, भरा गाडीत, बाई सकाळपासून फोन करतेय, यल्ला. आणि फोन बंद झाला.

इतकी वर्षं तेच दोन शब्द ऐकलेल्या माणसाने दुसरं काय समजावं? मीसुद्धा तेच समजलो. मी गाडी मागे घ्यायला निघालो. काका फोन हातात धरून उभे होते. मला वाटलं, पाठ धरली असेल. मग त्यांनी मला हाक मारली आणि शेवटच्या पिंपाचं झाकण उघडून दाखवलं. “बग जरा.”

मी हुंगलं. बामाचा वास आला. काका रोज सकाळी कंबरेला बाम लावतात हे यार्डात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्यांना अंधारातसुद्धा ओळखू शकत होतो.

“तुमच्या कंबरेशिवाय काही नाही,” मी म्हणालो.

काका हसले. जरा उशिरा हसले, लांबच्या फोनवर उत्तर येतं तसे. मग म्हणाले, “भर.”

चौथ्या दिवशी पूर्वाताईंचा फोन आला. आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. सहाही पिंपं त्यांनी भरली होती. शंभर लिटरच्या वर. सगळ्याला बाम चोळल्यासारखा वास येत होता. मेळा पुढच्या शुक्रवारी होता.

सिराजभाईंना ते पटेना. जनुभाऊंनी पास केलेलं पिंप आजवर परत आलं नव्हतं. बाईंनी आलंच काहीतरी वेगळं वापरलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि काकांना म्हणाले की चला, तुम्हीच हुंगून सांगा, म्हणजे वाद मिटेल. आम्ही तिघं पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून निघालो. मी मध्ये नव्हतो, चालवत होतो; मध्ये काका होते. वाटेत सिराजभाईच बोलत होते, काकांच्या नाकाबद्दल, अभिमानाने. मस्कतपर्यंत.

पूर्वाताईंच्या स्वयंपाकघराला लागून एक लहान खोली आहे. तिथे सहा पिंपं ओळीत उभी होती, एकाला नळ लावलेला. त्यांचा मुलगा, बारा-तेरा वर्षांचा, आम्हाला बघून “नमस्ते अंकल” म्हणाला आणि मग आईला इंग्रजीत काहीतरी सांगून नाक चिमटीत धरून निघून गेला. ताईंनी तीन ग्लास भरले. माझ्या ग्लासातून वास नाकापर्यंत यायच्या आधीच मला कळलं, कारण मी तो आधी एकदा घेतला होता आणि तो कंबरेचा ठरवला होता. सिराजभाईंनी ग्लास तोंडाजवळ नेला, हुंगला आणि खाली ठेवला. त्यांनी काकांकडे बघितलं. ताईंनीही बघितलं.

काकांनी सवयीने डोळे मिटले. दोन श्वास घेतले.

“माका वास येणा नाय,” ते म्हणाले.

सिराजभाई गोंधळले. “अवो जनुभाव, मला येतोय. या पोराला येतोय. तुमाला कसा येत नाय?” त्यांच्या आवाजात थोडी नाराजीही होती, की काका गिऱ्हाइकासमोर उगाच अडून बसलेत.

काकांनी ग्लास हळूच टेबलावर ठेवला. मग ते पूर्वाताईंकडे वळले आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं असं पुस्तकातलं मराठी बोलले. “बाई, वास आहे. तो मला येत नाही. चार महिने झाले, मला कसलाच वास येत नाही. चूक माझी आहे.”

पूर्वाताईंनी काकांना बसायला खुर्ची दिली. त्याबद्दल मी त्यांना मानतो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की पिंपं परत नीट होतील का. काका म्हणाले, कड्या नव्या घातल्या तर होतील. मी दुकानात फोन लावला. दुकानदाराने मधल्या दिवसांत कड्या मागवल्याच होत्या, माल त्याच दुपारी येणार होता.

सगळं सरबत मोरीत गेलं. ताईंनी स्वतः ओतलं, एकेक पिंप. आल्याचा आणि बामाचा वास घरभर पसरला. काका पिंपं विसळत होते, त्यांना काही कळत नव्हतं, पण ते आमच्या चेहऱ्यांकडे बघत होते.

रिकामी पिंपं गाडीत घालून परतताना वाटेतलं सीब मागे पडलं. मग सिराजभाईंनी विचारलं की आधी का सांगितलं नाही.

“मी तुमका सांगलेलंय,” काका म्हणाले.

“कधी?”

“त्या रविवारी. फोनवर. वास गेलो म्हणान.”

सिराजभाईंनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही क्षण हसू येईल असं मला वाटलं, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. पण ते आलं नाही. ते म्हणाले की खरंय, तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं नाही.

तिथे हा विषय संपला असता. चूक सिराजभाईंनी आपल्या खांद्यावर घेतली होती, थोडी मी घ्यायला तयार होतो. मी म्हणालोसुद्धा की काका, मला वास आला होता, मी तो तुमच्या बामाचा समजलो, म्हणजे माझंच चुकलं. मी त्यांना मदत करत होतो असं मला वाटत होतं.

काका समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. “त्या दिवशी मी बाम लावूकच नाय,” ते म्हणाले.

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. बामाची बाटली आदल्या रात्रीच संपली होती. मी जे हुंगलं ते पिंपातलंच, हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. माझ्या नाकाने त्यांना हवं ते उत्तर दिलं होतं. त्यांनी फक्त थांबवायचं होतं. पण पिंप थांबवलं असतं तर कशावरून थांबवलं ते सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं बळ त्यांनी फोनवर एकदा गोळा करून वापरून टाकलं होतं.

बरक्याचं वळण आलं तेव्हा सिराजभाई म्हणाले, “मी ऐकलं नाय, ती चूक माझी. हा बाम मात्र तुमचा, जनुभाव.”

“व्हय,” काका म्हणाले. “माका कॅन्सल करा.”

सिराजभाईंची मगरीबची, म्हणजे संध्याकाळच्या नमाजाची वेळ झाली होती. मी गाडी मशिदीजवळ थांबवली. ते नमाज करून आले तेव्हा निर्णय घेऊन आले होते. बाईंची सहा पिंपं तुम्हीच करायची, प्रशांतच्या नाकाने. पुढचं पुढे बघू. प्रशांतला वास घ्यायला शिकवल्याशिवाय तुम्हाला कुठेही जाता येणार नाही.

प्रशांतला शिकवणं म्हणजे कठीण काम. त्याच्याकडे वासाला दोनच शब्द होते, ‘बरा’ आणि ‘बेक्कार’. काका त्याला सकाळी उपाशीपोटी उभा करायचे, वेगवेगळ्या पिंपांची झाकणं उघडायचे आणि प्रश्न विचारायचे. कसलो? ओल्या फडक्याचो? गंजलेल्या खिळ्याचो? उन्हात ठेवलेल्या चपलेचो? प्रशांत वैतागायचा. मग हळूहळू त्याला सापडायला लागलं. एकदा तो म्हणाला, पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या वह्यांसारखा येतोय. काकांनी डोळे मिटले आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, हे पिंप चिंचेचं होतं, तळाशी बुरशी राहिली असणार. हात घालून बघितलं तर होतीच. वास येत नव्हता, पण शब्दांवरून त्यांना तो दिसत होता, असं मला वाटलं. आमच्यापैकी कोणालाही असं हुंगून कधी काही दिसलं नाही.

नव्या कड्या आल्या. काकांनी पूर्वाताईंची पिंपं पुन्हा सगळी खोलली. सोडा, व्हिनेगर, साधं पाणी, ऊन. नव्या कड्या बसवताना कळलं की झाकणाच्या मोठ्या कड्या पाचच आल्या आहेत. सहाव्या पिंपाला काकांनी जुनीच बसवली, पाच वेळा उकळून. झाकणं लागली.

मंगळवारी सकाळी सगळे जमले. शुक्रवारच्या मेळ्यासाठी पूर्वाताईंना त्याच दिवशी सरबत घालायला हवं होतं. पंप बंद केला. प्रशांतने पहिलं पिंप उघडलं, दोन श्वास घेतले आणि मान हलवली. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं, तसंच. सहाव्याला तो थांबला. परत वाकला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे घेतलं, कारण दोन श्वास झाले होते.

“थोडा आहे,” प्रशांत म्हणाला. आवाजात खात्री नव्हती.

सिराजभाईंनी हुंगलं. त्यांना काही आलं नाही. मी हुंगलं. मलाही काही आलं नाही, पण माझ्या नाकाची किंमत आता सगळ्यांना माहीत होती. सिराजभाई अडचणीत आले. बाईंना सहा सांगितली होती, एकदा तोंडघशी पडलो होतो, आणि हा पोरगा शिकून दहा दिवस झाले नव्हते. ते काकांकडे वळले. इतक्या वर्षांची सवय होती ती, त्यांनी मुद्दाम केलं नाही. “जनुभाव, तुमी सांगा. जाऊ दे?”

आम्ही सगळे काकांकडे बघत होतो. काकांनी हो म्हटलं असतं तर ते पिंप गेलं असतं. प्रशांतने वाद घातला नसता. त्याला स्वतःलाच पटलेलं नव्हतं. सिराजभाईंना तेच हवं होतं, आणि काकांचा शब्द पुन्हा पहिल्यासारखा चालला असता, निदान त्या दिवसापुरता. काकांनी पिंपाच्या काठावर हात ठेवला. स्टील उन्हाने कोमट झालं होतं.

“तो आसा म्हणता, म्हणजे आसा,” ते म्हणाले.

आणि झाकण उलटं करून ते ती जुनी कडी नखाने सोडवायला बसले. प्रशांत पाना घेऊन त्यांच्याजवळ उकिडवा बसला. सिराजभाईंनी पूर्वाताईंना फोन लावला आणि पाचच येतायत, सहावं नंतर, असं सांगितलं. ताईंनी कारण विचारलं असावं. सिराजभाई म्हणाले, “आमच्या माणसांनी अडवलंय.”

मी पाच पिंपं गाडीत चढवली. सहाच्या जागी पाच ठेवली की वळणावर ती घरंगळतात, म्हणून रिकाम्या जागेत एक जुना टायर टाकला आणि दोर दोनदा आवळला.